पट्टी कुणब्याची, शाळा कोणाच्या दारात?

गावाची शाळा गावाने सांभाळावी, सरकारच्या तोंडाकडे किती दिवस पाहावे, असा उपदेश हल्ली आमच्या जालना जिल्ह्यात फार ऐकू येऊ लागला आहे. तालुक्याच्या सभेत तो व्यासपीठावरून होतो, केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत होतो, आणि शहरातून मोटारीत बसून आलेले पाहुणे शाळेच्या ओट्यावर उभे राहून, गळ्यातला हार न उतरविता, तोच उपदेश आमच्या आयाबायांना करून जातात. बोल ऐकायला गोड आहे. त्याला स्वाभिमानाचा वास आहे. कोणी शहाणा त्यापुढेही जातो आणि सांगतो की, अमेरिकेत पाहा, तेथे घराजमिनीवरच्या पट्टीतून जो तो गाव आपली शाळा आपण चालवितो. म्हणून तेथल्या शाळा राजवाड्यासारख्या असतात. तुम्हीही घरपट्टी वेळेवर भरा, तिच्यावर थोडी शाळापट्टी चढवून घ्या, म्हणजे तुमच्या पोरांचेही कल्याण होईल.

आम्ही खेड्यातले मास्तर. अध्यापक विद्यालयातून निघाल्यापासून पोरांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात आमचा जन्म चालला आहे. तेव्हा ह्या उपदेशाचीही बेरीज पाटीवर मांडून पाहावी असे आम्हांस वाटले. आमचा पगार ह्याच शाळाखात्यातून निघतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी आणि आमचा हिशेब आमच्या शब्दावर न घेता स्वतः करून पाहावा.

समजा, तीनशे उंबऱ्यांचे गाव आहे. निम्मी घरे पत्र्याची, काही मातीची, काही सिमेंटची. सरासरीने घरामागे वर्षाची घरपट्टी सहाशे रुपये धरा. सगळ्यांनी बिनचूक भरली असे माना. असे कोणत्या गावी होते ते ग्रामसेवकाला विचारा! तरी जमले १,८०,००० रुपये. आता गावात पहिली ते पाचवीची साठ मुले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नव्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाने महिना २९,२०० रुपये ठरविले; महागाईभत्ता त्याहून निराळा. दोघांचे वर्षाचे मूळ वेतनच ७,००,८०० रुपये झाले. म्हणजे गावाने दिवाबत्ती बंद केली, गटार तुंबू दिले, नळाचे पाणी सोडणाऱ्याला घरी बसविले, आणि घरपट्टीचा पैन् पै शाळेत ओतला, तरी एका गुरुजीचे सहा महिने निघतात. खडू, फळा, छप्पर, संडास, विजेचे बिल ही तर अजून यादीतच आली नाहीत.

आता शेजारचे दुसरे गाव घ्या. मुले तितकीच, साठ. पण त्याच्या शिवारात लोखंडाचा कारखाना आला, दोन गोदामे आली, हमरस्त्याला लागून मंगल कार्यालये झाली. त्यामुळे गावातल्या मालमत्तेची किंमत पहिल्या गावाच्या दसपट झाली. त्या गावाने पट्टीचा दर आपल्या निम्मा ठेवला तरी हाती येतील नऊ लाख. पहिल्या गावात मुलामागे तीन हजार, दुसऱ्यात पंधरा हजार. पहिल्या गावचा कुणबी दुप्पट दराने भरतो आणि त्याच्या लेकराला पाचवा हिस्सा मिळतो. ह्यात पहिल्या गावाचा आळस कोठे आला? त्याच्या शिवारात कारखाना नाही हा त्या सहा वर्षांच्या पोरीचा गुन्हा काय?

हा हिशेब आम्ही मनाने रचला, खरा. परंतु ज्या अमेरिकेचा दाखला आम्हांस देतात, तेथे हाच हिशेब खरोखरीच्या आकड्यांनिशी वरिष्ठ कोर्टापुढे मांडला गेला आहे. ती हकीकत व्यासपीठावरचे शहाणे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

टेक्सस प्रांतात सॅन अँटोनिओ नावाचे शहर आहे. तेथे एकाच शहराच्या पोटात शाळांचे वेगवेगळे जिल्हे पाडलेले. त्यांतला एजवुड हा मेक्सिकन वंशाच्या मजुरांचा आणि कारागिरांचा, तर अलामो हाइट्स हा धनिकांचा. १९६७-६८ साली एजवुडचे लोक मालमत्तेच्या ठरविलेल्या किमतीवर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर पट्टी भरत होते. साऱ्या शहरात इतका चढा दर दुसरा नव्हता. त्यातून मुलामागे उभे राहत २६ डॉलर. अलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर भरत आणि त्यांच्या मुलामागे उभे राहत ३३३ डॉलर! प्रांताच्या आणि केंद्राच्या सरकारांनी वरून मदत घातल्यावरसुद्धा एजवुडच्या मुलावर वर्षाला ३५६ आणि अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४ डॉलर खर्च होई. १९६८ च्या मे महिन्यात एजवुडची मुले वर्ग सोडून बाहेर पडली. त्यांच्या पालकांनी कोर्टाची पायरी चढली. त्यांचा पुढारी होता देमेत्रिओ रॉड्रिगेज, पत्र्याचे काम करणारा कारागीर. आमच्या वाचकांत पत्रा ठोकणारे, लोखंड तापविणारे, लाकूड तासणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

खालच्या केंद्रीय कोर्टाने १९७१ साली रॉड्रिगेज व त्याच्या सोबत्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला. शिक्षण हा आमच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, आणि गावपरत्वे पट्टी कमीजास्त असल्याने घटना मोडत नाही, असा त्या पाचांचा अभिप्राय पडला. एका मताने लाखो पोरांचे नशीब ठरले. पुढे तीच एजवुडची मंडळी प्रांताच्या कोर्टात गेली. १९८९ साली टेक्ससच्या वरिष्ठ न्यायालयाने एकमताने सांगितले की ही पद्धत प्रांताच्या घटनेत बसत नाही. आणि १९९३ साली कायदा होऊन श्रीमंत शाळाजिल्ह्यांच्या पट्टीतला वाटा गरीब जिल्ह्यांकडे वळवावा लागला. पहिली फिर्याद १९६८ ची आणि इलाज १९९३ चा. मध्ये पंचवीस वर्षे गेली. पहिल्या दिवशी वर्ग सोडून गेलेल्या पोरांची पोरे तोवर शाळेत जाऊ लागली असतील.

तेव्हा ज्या वाटेने जाऊन अमेरिकेचे पाय पोळले, त्याच वाटेला आम्हांस लावण्याचा हा उद्योग आहे. आणि आम्ही म्हणतो, ती वाट आम्हांला नवीही नाही. आमच्या बापजाद्यांनी ती तुडविली आहे.

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेऊ लागले. १८६९ च्या कायद्याने ती पट्टी पक्की झाली. तिलाच लोकल फंड म्हणत. त्यातले दोन हिस्से सडकांकडे जात आणि तिसरा हिस्सा शाळांकडे. पट्टी साऱ्यावर बसलेली, म्हणजे भरणारा तो नांगराचे रुमणे धरणारा. शाळा मात्र आधी कसब्याच्या गावी, तालुक्याच्या ठिकाणी, जेथे वाचणारी घरे पूर्वीचीच होती तेथे. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन बसले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा गाभा हाच होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणाकडे वाहतो, हे त्यांनी गोऱ्या साहेबांच्या तोंडावर सांगितले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, म्युनिसिपालिट्यांच्या उत्पन्नातून प्राथमिक शाळांना मोकळ्या हाताने वाटा द्या, आणि शिक्षक होता होईल तो शेतकऱ्यांतलेच घ्या, ज्यांना नांगर किंवा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, अशी त्यांची मागणी होती. जोतीरावांनी कोठेही असे म्हटले नाही की, गरीब गावाने आपल्या गरिबीप्रमाणे शाळा चालवावी आणि श्रीमंताने आपल्या श्रीमंतीप्रमाणे. त्यांचा सवाल एवढाच की, पैसा ज्याच्या खळ्यावरून उचलला त्याच्या दारी परत का येत नाही?

आमचा जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथेही साऱ्याच्या रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड चुकला नव्हता. शाळा थोड्या, आणि मराठी पोराने दोन इयत्ता वर चढावे तर पुढचे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दूचेच. बरे, सरकार काढीत नाही तर लोकांनी आपली शाळा काढावी, तर १९२४ पासून खाजगी शाळांना सरकारी परवानगीचे कुलूप लागले. पट्टी घ्यायची, शाळा द्यायची नाही, आणि स्वतः काढू म्हणणाऱ्याला अडवायचे, असा तिहेरी कारभार आमच्या आज्यांनी भोगला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे शाईने का माखले, ह्याचे उत्तर त्यांच्या अकलेत शोधणारे लोक आहेत. ते लोकल फंडाच्या वह्यांत शोधावे.

ह्याच काळात दुसरी माणसेही होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आणि न्यायाने बोलायचे तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचेही नाव घेतले पाहिजे. ह्या गृहस्थांशी बहुजनांच्या पत्रांचे पुष्कळ बाबतींत जमत नसे. पण १९११ साली कायदे कौन्सिलात त्यांनी जे बिल आणले, त्यात खर्चाची वाटणी स्वच्छ होती: स्थानिक संस्थांनी एक हिस्सा सोसावा, त्यासाठी हवी तर शिक्षणपट्टी बसवावी, आणि सरकारने दोन हिस्से सोसावे. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पैसे नाहीत, हेच तेव्हाही एक उत्तर होते. पोलिसांना आणि पलटणींना पैसे होते.

असो. झाले गेले ते इतिहासात जमा. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही निजामाच्या जोखडातून सुटलो, १९५६ साली मराठी मुलखाला जोडले गेलो, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा निघाल्या, आणि १ मे १९८१ रोजी जालना निराळा जिल्हा झाला. गावोगाव चार भिंतींची शाळा उभी राहिली, हे जिल्हा परिषदांचे काम आम्ही कमी लेखत नाही. कुणब्या-धनगरांची, सुतार-लोहारांची, मांग-महारांची पोरे एका तरटावर बसली ती ह्याच शाळांत. आमच्यासारखा माणूस गुरुजी झाला तोही ह्यामुळेच. ह्या शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला, म्हणून पत्र्याच्या गावालाही दोन गुरुजी मिळाले. घरपट्टीवर सोडले असते तर अर्धासुद्धा मिळाला नसता, हे वर आपण पाहिलेच.

आता उपदेशक म्हणतात, राज्याची तिजोरी म्हणजे सरकारचा पैसा. तुम्ही तो फुकट खाता. येथे आमचा त्यांच्याशी उभा दावा आहे. तिजोरीत पैसा आकाशातून पडतो काय? खताच्या गोणीवर ५ टक्के जीएसटी आहे, फवारणीच्या औषधावर १८ टक्के आहे. लोहाराच्या लोखंडावर आहे, शिंप्याच्या मशीनवर आहे. डिझेलच्या दर लिटरमागे कर आहे. शेतकरी प्राप्तिकर भरत नाही म्हणून तो कर भरतच नाही, असे बोलणाऱ्याने एकदा कृषिकेंद्राची पावती डोळ्यांखालून घालावी.

आणि खास शिक्षणाच्या नावाने घेतलेले कर? तेही ऐका. महाराष्ट्रात १९६२ पासून शिक्षणकराचा कायदा आहे. शहरातल्या घरजागांवर तो बसतो. जालना नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिका झाली, तेथल्या घरमालकाच्या मागणीबिलावर त्याची ओळ असते. ओलिताखालच्या ऊस-फळबागांसारख्या नगदी पिकांच्या जमिनीवरही हा कर बसविण्याची सोय त्याच कायद्यात केली. नगरपालिका वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ही रचना आम्हांस मान्य आहे. जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. त्या पाळण्यातल्या गिरण्या-गोदामांची पट्टी मंठा-जाफराबादच्या कोरडवाहू गावातल्या पोरापर्यंत पोहोचावी, हेच न्यायाचे. आमची तक्रार पट्टीवर नाही. ती कोठे पोहोचली हे भरणाऱ्याला कोणी सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

दिल्लीचा कारभार तर विचारूच नका. २००४ साली केंद्र सरकारने सर्व करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का चढविला. २०१५ पर्यंत हा उपकर उत्पादनशुल्कावरही होता. म्हणजे साबणाच्या वडीपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत कारखान्यात बनणाऱ्या मालावर तो गुपचूप चढून बाजारात येई. २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के झाला. महालेखापरीक्षकांनी वह्या तपासल्या तेव्हा काय निघाले? माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या त्या एका टक्क्याचे २००६-०७ ते २०१६-१७ ह्या काळात ८३ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले, पण ते ज्या निराळ्या कोषात ठेवायचे तो कोषच उभा केला नव्हता! कोष उभारण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले ते २०१७ साली. दहा वर्षे दाणे घेतले, आणि कणगी विणायची राहून गेली. कोणी सोसायटीचा चेअरमन असा वागला असता तर गावाने त्याला पारावर बसवून जाब विचारला असता.

आता ह्या मोठ्या आकड्यांवरून आमच्या शाळेच्या दारात या. सरकारी शाळेला वर्षाच्या किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. दहा हजारांत वर्षभराचे खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल आणि स्वच्छता. तीस मुलांच्या शाळेचे छप्पर साठ मुलांच्या शाळेच्या छपरापेक्षा कमी गळते काय? पावसाने कधी पट विचारल्याचे आम्ही ऐकले नाही. मग होते असे की, वीज तोडली जाते; आणि त्याच शाळेत संगणक वापरा म्हणून वरून कागद येतो.

ह्या खिंडारातून लोकवर्गणी आत शिरते. शाळा डिजिटल करा, भिंती रंगवा, टीव्ही बसवा, लोकसहभाग दाखवा, असा तगादा लागतो. आम्ही शिक्षक वही घेऊन दारोदार फिरतो. आम्हांला ठाऊक असते कोणाच्या घरी काय आहे. कापूस विकलेला घरधनी पाचशे देतो. ज्याचे सोयाबीन पावसात सडले तो मान खाली घालतो, आणि त्याची पोरगी दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्याकडे बघत नाही. कायद्यात न लिहिलेली, दर न ठरलेली, पावती न मिळणारी अशी ही शाळापट्टीच होय. अमेरिकेची पद्धत आणा म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते, बाबांनो, ती मागल्या दाराने केव्हाच आली आहे. ज्या गावात ठेकेदार आणि बियाण्यांचे व्यापारी आहेत त्या गावच्या शाळेत टीव्ही लागला, रंग लागला, वर्तमानपत्रात फोटो आला. जे गाव दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, त्या गावची शाळा काळीच राहिली. मग दोन्ही शाळा शेजारी ठेवून दुसरीच्या गुरुजीला विचारायचे, तुम्हांलाच का जमत नाही?

गावाने आपण होऊन शाळेसाठी काही करणे निराळे. कोणी जागा दिली, कोणी ट्रॅक्टरभर मुरूम टाकला, बायांनी सारवून दिले, सुताराने मोडकी बाके फुकट ठोकून दिली. असल्या हातांना आम्ही नमस्कार करतो. शाळा आपली आहे असे वाटल्यावाचून कोणी असे करीत नाही. पण प्रेमाने दिलेला मुरूम आणि अनुदानाच्या जागी मागितलेली वर्गणी ह्यांत फरक आहे. सुताराने बाक दुरुस्त केले म्हणून सरकारने बाकांचे पैसे द्यायचे बंद करावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

उपदेशकांच्या एका मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते टाळून पुढे जाणे आम्हांस शोभणार नाही. ते म्हणतात, गाव पैसा देते तेव्हा गाव लक्ष ठेवते. वरून आलेल्या पैशाला धनी नसतो. खरे आहे. गुरुजी उशिरा आला, वर्गात मोबाइल पाहत बसला, भांडारातला तांदूळ पाय फुटून गेला, तर विचारणारा गावात कोणी पाहिजे. परंतु विचारण्याचा हक्क पट्टीच्या पावतीने विकत घ्यावा लागतो, हे कोणी ठरविले? मग ज्याची घरपट्टी थकली त्याने आपल्या पोराबद्दल तोंड उघडू नये काय? शिक्षणहक्क कायद्यानेच प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश माणसे पालकांतून घ्यायची, आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे हे त्या समितीचे काम. किती गावांत ती समिती खरी बसते? पुष्कळ ठिकाणी सहीपुरते रजिस्टर घरोघर फिरते, आणि ते फिरविणारे आमच्याच धंद्यातले असतात. पैसा साऱ्या राज्याच्या ऐपतीतून यावा आणि नजर गावाची असावी, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. पैसा गावाच्या ऐपतीतून आणि हुकूम मुंबईचा, ही उलटी गाठ मात्र गरिबाच्या गळ्याला बसते.

आणि एवढे करूनही शाळा जागेवर राहील असा भरवसा आहे काय? २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने पत्र काढून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक. नमुना म्हणून नंदुरबारातले तोरणमाळ व पुण्याकडचे पानशेत ह्यांची नावे दिली. त्याच महिन्यात दत्तक शाळेची योजना निघाली: कंपनीने किंवा धनिकाने खेड्यातल्या शाळेला पन्नास लाखांचे साहाय्य केले की पाच वर्षे, एक कोटीचे केले की दहा वर्षे त्याचे नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. लेकरू दत्तक जाते ते आईबाप नसल्यावर किंवा त्यांना पोसवत नसल्यावर. शाळेचे आईबाप कर घेतात, पट्टी घेतात, उपकर घेतात, आणि मग दत्तकाची जाहिरात देतात! आणि दत्तक घेणारा येणार कोठे? हमरस्त्यालगतच्या गावात, जेथे त्याच्या नावाची पाटी चार लोक वाचतील. भोकरदनच्या टोकाच्या वाडीवर, जेथे एसटी फिरकत नाही, तेथे पाटी कोणासाठी लावायची?

पट कमी का झाला हेही एकदा नीट पाहा. ज्याला परवडते तो पिवळ्या गाडीत बसवून पोर इंग्रजी शाळेला धाडतो. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने वीज तुटलेली शाळा पाहिली, एकाच गुरुजीपुढे चार इयत्ता बसलेल्या पाहिल्या. उरलेल्यांतले अंबड-घनसावंगी-मंठ्याकडचे किती तरी आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली आणि मागे आजी असली तर पोर राहते, नाहीतर उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळते. आधी शाळा वाळू द्यायची, मग पट वाळला म्हणून तिला कुलूप लावायचे, आणि आठ वर्षांच्या पोरीला सांगायचे की तीन कोस चालून समूह शाळेत ये, किंवा गाडी येईल तिची वाट पाहा. पावसाळ्यात नाल्याला पाणी असते तेव्हा गाडीही येत नाही. पोरगा एक वेळ जाईल. पोरीचे दप्तर खुंटीला लागेल. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे ह्याच राज्याने शिक्षणहक्काच्या नियमांत लिहून ठेवले आहे.

म्हणून आमचे मागणे गाठीत बांधण्यासारखे नाही, उघडे आहे. शाळेचा खर्च गावाच्या घरपट्टीला टांगू नये. तो साऱ्या राज्याच्या उत्पन्नातून, ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून जास्त घेऊन, करावा. आणि खर्चताना डोकी मोजून थांबू नये, ज्या गावात रान कोरडे आणि हात रिकामे तेथे मुलामागे अधिक टाकावे. तीस पटाच्या शाळेचे दहा हजार हे अनुदान नव्हे, चेष्टा आहे. ते छपराप्रमाणे, वर्गांप्रमाणे द्यावे. वीजबिल शाळेच्या हाती न देता परस्पर भरावे. शिक्षणकर व उपकर ह्यांतून आपल्या जिल्ह्यात किती आले, ह्याचा आकडा दरसाल मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या दारावर डकवावा.

हे वरचे लोक आपण होऊन करतील असे समजू नका. येत्या ग्रामसभेला जा. बायांनाही न्या, समितीत निम्म्या जागा त्यांच्या आहेत. गटार आणि घरकुल ह्यांच्या आधी शाळेचा विषय घ्यायला लावा. ह्या साली शाळेला संयुक्त अनुदान किती आले, कोणत्या तारखेला आले, कशावर गेले, हे मुख्याध्यापकाला उभे राहून वाचायला सांगा. तो आमच्यासारखाच असेल, तर आधी घाबरेल आणि मग त्याला बरे वाटेल. शाळा व्यवस्थापन समितीत तुमचे नाव आहे काय, असल्यास तुमची सही शेवटची कोणी आणि कधी घेतली, तेही विचारा. लोकवर्गणीची वही मागून घ्या, आणि ती वर्गणी सरकारच्या कोणत्या न आलेल्या पैशाच्या जागी घेतली ते प्रत्येक रकमेपुढे लिहून घ्या. शाळा बंद करण्याचा कागद आला असेल तर त्यावर ग्रामसभेचा ठराव केल्यावाचून उठू नका. ठरावात नाल्याचे नाव, अंतराचा आकडा आणि त्या वाटेने जाणाऱ्या पोरींची संख्या घाला, आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडून पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा.